चौदा रिकामे पिंजरे

मला रोज वही लिहायची सवय आहे. लग्न होऊन या घरात आले त्या वर्षापासूनची. पानाच्या माथ्यावर आधी देवाचं नाव, खाली वार, आणि त्याखाली दिवसभरात जे घडलं ते. कोण आलं, कोण गेलं, काय शिजवलं, कुणाशी शब्दाला शब्द लागला, देवाकडे काय मागितलं. मोठं असं काही नसतं त्यात. आमचे हे म्हणतात, "आपल्या घरातला सगळा कचरा तुझ्या वहीत घडी घालून ठेवलेला आहे." दादा तर मला 'वहीवाले' अशीच हाक मारायचा.

"काय गं वहीवाले, आज माझ्या नावावर काय लावलंस?"

"तीन वेळा चहा आणि एक खोटं."

"खोटं कुठलं?"

"भाजीत मीठ बरोबर पडलंय म्हणालास ते."

"ते खोटं नाही, ती माया."

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्याला जाऊन आज बेचाळीस दिवस झाले. जुन्या वह्या काढून पाहिल्या तर तो जवळजवळ प्रत्येक पानावर सापडतो, पण अर्ध्या ओळीत, एखाद्या शब्दात. सलग असा कुठेच नाही. म्हणून हे निराळं लिहायला घेतलं. यात एक गोष्ट मला माझ्याबद्दलही लिहायची आहे. ती टाळली तर बाकीचं लिहिण्यात काही राम नाही.

दादा पिंजरे बनवायचा. पाखरांचे पिंजरे.

हे साधं वाक्य मी वयाच्या चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा लिहिते आहे. आमच्या घरात तो शब्द काढायचा नाही अशी आईची सक्त ताकीद होती. धंदा मुळात वडिलांचा. आई फार श्रद्धाळू, आणि मोकळ्या जिवाला कोंडायची वस्तू आपल्या घरात तयार होते हे तिला आयुष्यभर सलत राहिलं. वडिलांचा हात धरून थांबवणं तिला शक्य नव्हतं, कारण त्या हातावरच घरातली सगळी तोंडं जेवत होती. मग तिनं शब्द बदलला. 'तारकाम'. कुणी विचारलं, यजमान काय करतात, तर तारकाम. शाळेच्या फॉर्मवर तारकाम. पिंजरा म्हणायचं नाही, 'नग' म्हणायचं. रोज संध्याकाळी देवापुढे बसली की ती वडिलांच्या वतीनं क्षमा मागायची, आणि वडील पलीकडे जेवताना ओरडायचे, "रोज रोज कशाला? माझ्या वाटणीची एकदाच घाऊक मागून टाक ना!"

दादाचं लग्न एकदा अगदी जमत आलं होतं. मुलीचे वडील सहज म्हणून कामाच्या खोलीत डोकावले, छताला टांगलेले पिंजरे बघून उंबऱ्यातच थांबले, आणि पाणीही न घेता निघून गेले. दोन दिवसांनी नकार आला. आई आठवडाभर नीट जेवली नाही. दादा मात्र म्हणाला, "बघ, कडी उघडी होती, उडाली. सुटली बिचारी." त्यानंतर त्यानं पुन्हा मुलगी पाहिली नाही. आणि आईनंतर तो शब्द जपायचं काम माझ्याकडे आलं. मी ते मनापासून केलं.

तो खाली तळमजल्यावर राहायचा, आम्ही वरच्या मजल्यावर. त्याची लांबट खोली रस्त्याकडे उघडायची, मागच्या भिंतीला एक खिडकी. पुढचा भाग कामाचा, मागच्या भागात खाट, ट्रंक आणि पाण्याचा माठ. मेजाच्या कडेला लोखंडी शिकंजा, भिंतीवर पकडी आणि कानशी उंचीप्रमाणे लावलेल्या, कोपऱ्यात तारेची वेटोळी. तारेचे सांधे जोडायला डाग द्यायची सळई तापली की राळेचा वास जिना चढून माझ्या स्वयंपाकघरात यायचा. त्या वासावरून मला कळायचं, दादा उठला, कामाला लागला.

आईचा सल त्याच्यातही उतरला होता, पण त्यानं त्याची आपली वेगळी वाट काढली होती. कुणी एका मापाचा पिंजरा सांगितला की तो दोन बोटं रुंद करायचा. "पंख पसरला तर तारेला लागता कामा नये," म्हणायचा. वरच्या दोन बोटांची तार त्याच्या पदरची. आणि कडी मुद्दाम सैल बसवायचा. हुशार पोपटानं चार दिवस चोच मारली तर उघडेल इतपत. स्वतः त्यानं आयुष्यात एक पाखरू पाळलं नाही. चौकातला पक्षीवाला त्याला कितीदा तरी म्हणाला, एक जोडी ठेवा, सोबत होईल. दादा म्हणायचा, "सोबतीला वरती बहीण आहे. तीही दिवसभर बोलते आणि शिवाय लिहून ठेवते."

वडिलांनी धंद्याबरोबर त्याला एक नियम दिला होता. तारेला पाणी दाखवायचं नाही. डाग दिलेल्या सांध्यात पाण्याचा थेंब राहिला की आतून गंज धरतो, आणि वर्षभरात सांधा सुटतो. त्यामुळे दुरुस्तीला आलेला जुना पिंजरा धुवायचा नाही, कोरडाच साफ करायचा. आधी तळाच्या पत्र्यावरची वाळलेली घाण पट्टीनं खरवडायची, मग तारेच्या ब्रशनं एकेक तार घासायची, आणि शेवटी पिंजरा तोंडाशी उचलून कोपऱ्याकोपऱ्यात फुंकर मारायची. वडील तसंच करायचे. दादा तसंच करायचा. रस्त्याकडून उन्हाची तिरीप आत आली की त्यात करडा धुरळा तरंगताना दिसायचा. बारीक, पिठासारखा, मधेच एखादं पिसाचं कुसळ.

मी चहा नेताना कपावर बशी झाकून न्यायची. धुरळा चहात पडू नये म्हणून. इतकी वर्षं बशी झाकली, पण तोच धुरळा दादाच्या नाकातोंडात जातोय हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. वडील शेवटची दहा-बारा वर्षं खोकत होते. त्यांची छाती नाजूक, असं आम्ही म्हणायचो.

थंडीचे दिवस होते. मंगळवारी सकाळी पक्षीवाला हातगाडी घेऊन दारात आला. गाडीवर पिंजऱ्यांचा ढीग, दोरीनं बांधलेला. तो आणि दादा वीस वर्षांचे भांडखोर मित्र.

"तारवाले, तुमच्या कड्या आहेत की नुसती शोभा?" तो रस्त्यातूनच सुरू झाला. "परवा एका बाईंचा पोपट स्वतःच्या हातानं दार उघडून पडद्याच्या दांडीवर जाऊन बसला. बाई माझ्या नावानं ओरडतायत!"

"स्वतःच्या हातानं? मग तो पोपट नव्हे, तुमचा कुणी नातेवाईक असणार."

"हसा. चौदा आहेत. सगळे साफ करून, मोडलेल्या तारा बदलून पंधरा दिवसांत हवेत. नवा माल येतोय."

"आणि जुना माल?"

पक्षीवाल्यानं दोरी सोडता सोडता मान खाली घातली. "ही खेप वाईट निघाली. आले तेच मलूल होते. डोळ्यांतून पाणी, पिसं फुगवून बसायचे. एकेक करून गेले. लांबचा प्रवास, दुसरं काय." आणि तो खोकला. कोरडा, छातीतून येणारा खोकला. मी जिन्यात उभी होते, मला ऐकू आला. मी त्याला म्हटलंसुद्धा, गरम पाणी पीत जा हो.

दादा त्या पिंजऱ्यांकडे बघत राहिला. मग एक उचलून आत गेला.

तीन दिवस तो खाली दार-खिडकी लावून बसला होता. गार वारा आला की सळई निवते, डाग नीट बसत नाही, म्हणून. माझ्या वहीत त्या मंगळवारचं पान असं आहे: 'पक्षीवाल्याकडून चौदा नग आले. दादा दिवसभर खाली, दार लावून. चहा नेला तर धुरळ्यात तो दिसेना. जेवायला वर आला तेव्हा भुवया पांढऱ्या. हे म्हणाले, दादा, एका दिवसात म्हातारे झालात की! दादा म्हणाला, झालो नाही, आज फक्त उघडकीला आलं. खूप हसलो. देवाकडे सर्वांची खुशाली मागितली.'

दहाव्या दिवशी त्याला ताप भरला. डोकं असं दुखत होतं की कपाळाला घट्ट फडकं बांधून पडला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. ताप उतरेना. खोकला सुरू झाला, पण कफ पडेना. पाचव्या दिवशी जिना चढून वर आला आणि पायरीवर बसला तो बोलेचना. श्वास घ्यायला खांदे उचलावे लागत होते. ह्यांनी रिक्षा आणली आणि आम्ही त्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो.

तिथली डॉक्टरीण तरुण होती. आमची लेक असती तर त्याच वयाची असती. गळ्यात दोरीला बांधलेलं पेन, चेहऱ्यावर झोप अपुरी झाल्याची खूण, पण बोलणं शांत. तिनं छातीचा फोटो उजेडाला धरून दाखवला. उजवीकडे खालचा भाग पांढुरका, काचेवर वाफ धरावी तसा.

"न्यूमोनिया आहे. औषध सुरू करू. आधी काही विचारते. विडी, सिगारेट?"

"कधीच नाही," मी म्हटलं.

"घरात कोंबड्या, कबुतरं, पोपट असं काही पाळलेलं?"

दादानं मान हलवली. मी तर जवळजवळ अभिमानानं बोलले, "आयुष्यात एक पाखरू पाळलं नाही हो त्यांनी."

"काम काय करतात?"

शब्द माझ्या जिभेवर आला होता. हे मला देवासमोरही नाकारता येणार नाही. पण खोलीत सहा खाटा होत्या. शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या, आणि त्यांची लेक उशाशी बसून डोळे मिटून जप करत होती. माणसं अशा ठिकाणी देवाच्या जवळ सरकतात. आणि मी तिथे उभी राहून सांगू, की माझा भाऊ जिवंत पाखरं कोंडायच्या वस्तू बनवतो? तो शब्द मी गिळला.

"तारकाम करतात."

"म्हणजे वेल्डिंग वगैरे?"

"तारेला डाग देतात."

"धूर जात असेल छातीत," असं म्हणत तिनं ते लिहून घेतलं.

दादा माझ्याकडे बघत होता. त्याला बोलता येत होतं तेव्हा. त्यानं डोळे मिटले. आईनं आम्हा दोघांनाही एकाच ताटात वाढलं होतं ना.

पुढचे तीन दिवस शिरेतून औषध चाललं होतं. ताप तसाच. फोटोत वाफ वर सरकत होती, मग डाव्या बाजूलाही आली. त्याला नाकातोंडावर मास्क लावला. डॉक्टरीण येता-जाता त्याचं मनगट धरून थांबायची आणि कपाळाला आठी घालायची. ताप इतका, तर नाडी त्या मानानं हळू का, असं ती दुसऱ्या डॉक्टरांशी बोलत होती. धुराच्या दिशेनंही तिनं तपास करून पाहिला. त्यातून काही निघालं नाही.

मी बाकावर बसून देवाला सारखं एकच म्हणत होते, डॉक्टरांना बुद्धी दे. बुद्धी डॉक्टरांकडे होती. त्यांना हवं होतं ते मी पदराखाली धरून बसले होते. आणि खरं सांगायचं तर मला ते कळतही नव्हतं. पाखरापासून माणसाला आजार होतो, इथवर कुणी सांगितलं असतं तरी मी म्हटलं असतं, पाखरू होतंच कुठे? पिंजरे तर रिकामे होते.

चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टरीण स्टूल ओढून माझ्यासमोर बसली.

"मावशी, औषध लागू पडत नाहीये. माझ्याकडून काहीतरी निसटतंय. गेल्या महिनाभरात हे कुठे गेले, काय केलं, कुणाला भेटले, सगळं आठवून सांगा. क्षुल्लक वाटलं तरी."

"आठवायला कशाला? लिहिलेलं आहे."

वही माझ्या पिशवीत, डब्याच्या खाली होती. मी चष्मा लावला आणि महिन्यामागच्या पानापासून वाचायला लागले. देवाचं नाव, वार, भाजी, पाणी कधी आलं, ह्यांची गुडघेदुखी. बिचारी सगळं ऐकत होती. मग मंगळवार आला. 'पक्षीवाल्याकडून चौदा नग आले.'

"थांबा. पक्षीवाला कोण?"

"चौकात दुकान आहे त्यांचं. पाखरं विकतात."

"आणि नग कसले?"

मी दादाकडे पाहिलं. मास्कवर वाफ येत होती, जात होती. शेजारची लेक जप थांबवून आमच्याकडे बघत होती.

"पिंजरे," मी म्हटलं.

"नवे?"

"जुने. साफ करायला, दुरुस्तीला आलेले. दादा पिंजरेच बनवतो. तारकाम म्हणजे तेच."

"रिकामे होते?"

"रिकामे. त्यातली पाखरं मेली होती."

ती उठून उभी राहिली. "साफ कसे करतात? पाण्यानं?"

"नाही. तारेला पाणी दाखवायचं नाही. कोरडेच घासतात. आणि मग..." मी तोंडानं फुंकर मारून दाखवली.

ती मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं लगेच नर्सला हाक मारली, कागदावर काही लिहिलं, आणि पंधरा-वीस मिनिटांत दादाच्या शिरेत दुसरंच औषध सुरू झालं. मग तिनं मला समजावलं. याला पोपटांचा ताप म्हणतात. आजारी पाखराच्या विष्ठेत, पिसांत याचे जंतू असतात. विष्ठा वाळली तरी ते टिकतात, आणि धुरळ्याबरोबर श्वासातून माणसाच्या फुप्फुसात जातात. त्यासाठी पाखरू समोर असावं लागत नाही. नेहमीच्या न्यूमोनियाची औषधं याच्यावर चालत नाहीत, याचं औषध वेगळं आहे, साधं आहे आणि लवकर दिलं तर फार चांगलं चालतं.

"पहिल्या दिवशीच..." ती म्हणाली आणि थांबली.

"कळलं असतं तर," मी वाक्य पुरं केलं.

मी तिला वडिलांच्या खोकल्याचंही विचारलं. ती म्हणाली, आता ते कुणीच सांगू शकणार नाही.

दोन दिवसांत ताप उतरला. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा दादाचं कपाळ हाताला गार लागलं. मी तिथल्या तिथे, खाटेच्या लोखंडी दांडीला डोकं टेकून देवाचे आभार मानले. शेजारच्या आजींच्या लेकीनं आपल्या डब्यातली पेज दिली. तिला आता सगळं माहीत होतं, आणि तिनं माझ्याकडे जराही वेगळ्या नजरेनं पाहिलं नाही. ज्या नजरेला मी इतकी भ्याले होते, ती कुठे नव्हतीच.

दादानं मास्क जरा बाजूला केला.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"आई रागवेल."

"आई असती तर तिनंच सांगितलं असतं."

तो हसला. हसताना धाप लागली. "मग उशीर कशाला केलास वेडे," म्हणाला. ठपका नव्हता त्यात. लहानपणी मी खेळून उशिरा घरी आले की म्हणायचा, तसंच म्हणाला. मला मात्र ते वाक्य पुसता येत नाही.

मग थोड्या वेळानं म्हणाला, "पक्षीवाला खोकत होता."

मी तशीच उठले. दुकान बंद होतं. मागच्या गल्लीत त्याचं घर, तिथे गेले तर त्याची बायको दारातच म्हणाली, "ते झोपलेत ताई. आठवडा झाला, अधूनमधून ताप येतोय. थंडी बाधली बहुतेक." मी दारात उभी राहून मोठ्यानं सगळं सांगितलं. पोपट, पिंजरे, धुरळा, दादा. शेजारची माणसं बाहेर आली, तरी थांबले नाही. त्या संध्याकाळी पक्षीवाला त्याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर होता, आणि पहिल्या तासापासून त्याला बरोबर औषध मिळालं. तो नवव्या दिवशी चालत घरी गेला.

दादाचा ताप गेला, पण फुप्फुसं सावरली नाहीत. डॉक्टरीण म्हणाली, जंतू मरतायत, पण मधल्या दिवसांत जी नासाडी झाली ती भरून यायला ताकद लागते, आणि त्रेसष्टाव्या वर्षी, त्या छातीत, ती उरलेली नाही. नव्या औषधाचा पाचवा दिवस. सकाळचे दहा वाजले असतील. नुकतं अंग पुसून दिलं होतं.

"वहीवाले, आज माझ्या नावावर काय?"

"अजून काही नाही. दिवस आत्ता सुरू होतोय."

"एक चहा लिहून ठेव."

"पी तरी आधी."

"लिहून ठेव तू. पितो मग."

मी पिशवीतून वही काढली, पेन शोधलं. लिहून मान वर केली तेव्हा त्याचे खांदे उचलायचे थांबले होते. त्या दिवशीच्या पानावर देवाचं नाव आहे, वार आहे, आणि 'दादा, एक चहा' एवढंच आहे.

दादाचे दिवस झाल्यावर डॉक्टरणीला भेटून आले. ती म्हणाली, "मावशी, तुमच्या वहीमुळे एक माणूस वाचला." हे खरं आहे. आणि माझ्या तोंडामुळे एक गेला हेही खरं आहे. देवापुढे बसते तेव्हा मी दोन्ही सांगते. आईसारखी क्षमा मागायला जाते, तर वडिलांचा आवाज ऐकू येतो, घाऊक मागून टाक. पण ती तशी मागता येत नाही. रोज थोडी थोडीच मागता येते.

आरोग्य खात्याची माणसं येऊन खोली फवारून गेली. पिंजरे जाळून टाकायचे का, असं त्यांनी विचारलं. धुतले तर चालतील का, मी विचारलं. ते म्हणाले, चालतील, पण आधी ओले करायचे, घासायचे नंतर, कोरडे अजिबात नाही. जंतुनाशक दिलं, हातमोजे आणि मास्क दिले. ह्यांनी मदतीला येतो म्हटलं. मी म्हटलं, तुम्ही फक्त पाणी आणून द्या.

मागच्या मोरीत मोठं घंगाळ मांडलं. पहिला पिंजरा पाण्यात उतरवताना हात खरंच अडला. साठ-सत्तर वर्षं आमच्या घरात कुणी तारेला पाणी दाखवलं नव्हतं. पाणी करडं झालं. मग दुसरा, तिसरा. दादाचे सांधे एकेक करून बोटांखालून गेले. बारीक, गोल, घासून गुळगुळीत केलेले. पाखराच्या पायाला टोचू नयेत म्हणून तो प्रत्येक सांध्यावर शेवटी कानस फिरवायचा, हे मला त्या दिवशी कळलं. तीन पिंजऱ्यांना कड्याच नव्हत्या. तेवढंच काम राहिलं होतं.

काल पक्षीवाला आला. कपडे अंगावर ढगळ झालेले. हातगाडी स्वतः ओढून आणली होती, वाटेत दोनदा बसला म्हणाला. ओळीनं मांडलेल्या पिंजऱ्यांजवळ गेला, एकाच्या तारेवरून बोट फिरवलं.

"ताई, धुतलेत तुम्ही?"

"हो."

"तारवाल्यांचे हे. गंजतील की."

"गंजू देत."

त्यानं मान हलवली. पिंजरे गाडीवर चढवताना कडी नसलेल्या त्या तिन्हींच्या उघड्या दारांपाशी थबकला. "यांच्या कड्या दुसरीकडून बसवून घेतो."

"घ्या. पण घट्ट नकोत."

"म्हणजे परत बाईंचा पोपट पडद्याच्या दांडीवर."

"बसू दे."

तो हसला, आणि हसता हसता गाडीच्या दांड्यावर कपाळ टेकवून उभा राहिला. मी आत जाऊन चहा ठेवला. कप घेऊन बाहेर येताना हात सवयीनं बशीकडे गेला.

रात्री नेहमीसारखी वही उघडली. देवाचं नाव, वार. खाली लिहिलं, 'पक्षीवाला चौदा पिंजरे घेऊन गेला.'